कापूस एकच, भाव मात्र तीन

पत्र

“आमचं गाव धरणगाव तालुक्यात. घरात तीसेक क्विंटल कापूस पडून आहे. सासरे, त्यांना आम्ही आबा म्हणतो, दिवसभर मोबाईलवर कापसाचे व्हिडिओ बघतात आणि ‘आजून भाव चढी, थांबा’ एवढंच म्हणतात. दीर दुसरेच चॅनल बघतात. त्यांच्या मते बाजार बुडाला, मिळेल त्या भावात काढून टाका. दोघं जेवतानासुद्धा बोलत नाहीत. त्यात सासूबाईंच्या ग्रुपवर मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ आला, म्हणून लेकीचं जळगावचं कॉलेज बंद करायचं चाललंय. एका घरात राहून तिघांना तीन वेगळी जगं दिसतात. मला वाटतं सगळ्यांना मोबाईलने येडं केलंय. खरं काय ते ओळखायचं कसं? की मीच चुकतेय?”
— एक वाचक, ता. धरणगाव

उत्तर

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेऊ. तुम्ही चुकत नाही, पण तुम्हीसुद्धा एकाच जागेवरून बघताय. कापूस तीस क्विंटल आहे हे तुम्ही लिहिलंत. तो कधी वेचला, त्यात ओल किती, आज खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन माल घेणारा व्यापारी, काय भाव देतोय, घरावर कर्ज आहे का, यातलं काहीच पत्रात नाही. दोघं जेवताना बोलत नाहीत, हे मात्र आहे. जे टोचतं ते पत्रात आलं, बाकीचं गळलं. बातमीदार, यूट्यूबवाला, आबा आणि दीर हेच करतात, आणि बहुतेकदा त्यांना ते कळतही नाही. त्यामुळे घरात ‘कोण खोटं बोलतंय’ यावर वाद घालण्यात अर्थ नाही. समोर आलेल्या प्रत्येक गोष्टीत काय गळलंय ते शोधायचं, आणि ते शोधता येतं.

कापसापासून सुरुवात करू, कारण तिथे आकडे आहेत.

समजा, मथळा आला: ‘कापसाला 8,300 रुपये भाव’. बाजार समितीच्या नोंदीत दर दिवशी चार आकडे असतात: आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. त्या दिवशी किमान 6,800, कमाल 8,300 आणि सर्वसाधारण 7,400 असेल, तर मथळ्यात 8,300 च जाणार. तो आकडा खोटा नसतो. पांढराशुभ्र, कोरडा, लांब धाग्याचा माल आणलेल्या चार-दोन गाड्यांना तो मिळालेला असतो. आबा त्या ओळीतला वरचा आकडा वाचतात, दीर खालचा. तुम्ही सर्वसाधारण दर वाचा आणि त्याच्या शेजारची आवकही बघा. 40 क्विंटल आवकेवरचा दर आणि 4,000 क्विंटल आवकेवरचा दर एका मापाने तोलू नका. कृषी पणन मंडळाच्या आणि केंद्राच्या ॲगमार्कनेट या संकेतस्थळावर हे आकडे कुणालाही फुकट बघता येतात. एका दिवसाचा दर बघून काही कळत नाही. दहा-पंधरा दिवसांचे सर्वसाधारण दर एकाखाली एक लिहून काढा, मग बाजार कुठे चाललाय ते दिसायला लागतं.

आपल्याकडे गोंधळाला हंगामाच्या आधीच सुरुवात होते. गणेश चतुर्थीला व्यापारी काट्याची पूजा करून मुहूर्ताची खरेदी करतात. पहिला कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याचा सत्कार होतो, फोटो निघतो आणि थोड्याशा मालाला मानाचा भाव दिला जातो. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच भाव असतो. मुहूर्ताचा भाव हा त्या दिवसाचा मान असतो, पुढच्या सात महिन्यांचा करार नव्हे. पण तो आकडा डोक्यात घर करतो आणि नंतरचा प्रत्येक खरा भाव त्याच्यापुढे पडेल वाटतो.

आबांच्या डोक्यात आणखी एक आकडा असणार. 2021-22 च्या हंगामात कापूस 10 हजारांच्या पुढे गेला होता. ज्यांनी थांबून विकला त्यांना तो मिळाला, ही आबांनी पाहिलेली गोष्ट आहे आणि ती खरी आहे. पुढच्याच वर्षी त्याच आशेवर खानदेशात घराघरांत कापूस साठवला गेला. भाव उतरत गेला आणि उन्हाळ्यात तो कमी दराने काढावा लागला. थांबल्याने फायदा झाल्याचं एक वर्ष आणि नुकसान झाल्याचं एक वर्ष, दोन्ही लागोपाठची. यातलं पहिलं आबा सांगतात, दुसरं दीर. दोघांना एकाच बैठकीत दोन्ही वर्षं सांगायला लावा.

आता खंडी. व्हिडिओवर लाल बाण आणि ‘कापूस खंडीमागे 2,000 ने वधारला’ अशी पाटी असते. ऐकणाऱ्याला वाटतं क्विंटलमागे 2,000 वाढले. खंडी म्हणजे सुमारे 356 किलो, आणि तीही सरकी म्हणजे बी काढलेल्या रुईची, सरकीसकट कापसाची नाही. एक क्विंटल कापसातून साधारण 34 किलो रुई निघते. म्हणजे खंडीमागे 2,000 वाढले की रुईच्या किलोमागे साडेपाच रुपये वाढतात, आणि तुमच्या क्विंटलमागे साधारण 190. तेसुद्धा जिनिंगवाल्याने, म्हणजे सरकी वेगळी काढणाऱ्या कारखानदाराने, सगळी वाढ तुमच्यापर्यंत पोहोचू दिली तर. हाच हिशेब वापरून तुम्हाला घरबसल्या भाव ताडून बघता येतो. मानू की रुई 55,000 रुपये खंडी आहे आणि सरकी 35 रुपये किलो. 34 किलो रुईचे सुमारे 5,250 आणि 64 किलो सरकीचे 2,240, मिळून 7,490. यातून जिनिंग, हमाली, वाहतूक आणि व्यापाऱ्याचा नफा जायचा आहे. अशा दिवसांत कुणी ‘आठवड्यात 10 हजार’ म्हणत असेल, तर रुई आणि सरकी कुठवर जायला हवी हे त्यालाच विचारा. व्हिडिओखाली प्रतिक्रिया लिहायची सोय असते, तिथे विचारा.

एकच निर्णय दोन बातम्यांत कसा वाटला जातो तेही बघा. केंद्राने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क 19 ऑगस्ट 2025 पासून माफ केलं आणि ती माफी पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. व्यापारविषयक बातम्यांत हा ‘वस्त्रोद्योगाला दिलासा’ होता, शेतकऱ्यांच्या चॅनलवर ‘कापूस उत्पादकांवर घाव’. निर्णय तोच, टक्के तेच, तारखाही त्याच. सूत विकणाऱ्याला स्वस्त रुई हवी, कापूस विकणाऱ्याला महाग. बातमी वाचताना ती कुणाच्या अंगणात उभं राहून लिहिली आहे हे ओळखायचं असेल, तर बातमीत कुणाकुणाची नावानिशी वाक्यं आहेत ते मोजा. तिन्ही वाक्यं गिरणीवाल्यांची असतील तर अंगण गिरणीचं. ‘जाणकारांच्या मते’ आणि ‘सूत्रांनी सांगितले’ ही वाक्यं मोजूच नका.

पण नुसतं बातमीवर खापर फोडून भागत नाही, बघणाऱ्याचीही बाजू असते. 1982 च्या बैरुतमधल्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात इस्रायल समर्थक आणि अरब समर्थक अशा दोन्ही गटांना दाखवल्या गेल्या. 1985 मध्ये छापून आलेल्या या अभ्यासात दोन्ही गटांनी त्याच बातम्या आपल्याविरुद्ध झुकलेल्या असल्याचं सांगितलं. तुमच्या घरात हा प्रयोग एका कात्रणावर करता येईल. कापसाची एकच बातमी आबांना आणि दिरांना वेगवेगळी वाचायला द्या आणि ‘पेपर कुणाच्या बाजूने आहे’ एवढंच विचारा. उत्तरं जुळली नाहीत तर ती दोन्ही चिठ्ठीवर लिहून दोघांपुढे ठेवा. तुमच्या सांगण्यापेक्षा त्या चिठ्ठ्यांचा उपयोग जास्त होईल.

आबांच्या मोबाईलवर भाववाढीचेच व्हिडिओ का येतात, याचं कारण साधं आहे. जे शेवटपर्यंत बघितलं जातं त्यासारखंच यूट्यूब पुढे वाढतं. घरात कापूस असलेला माणूस ‘भाव पडणार’ असा व्हिडिओ अर्ध्यात बंद करतो, ‘भाव वाढणार’ असा पूर्ण बघतो. महिनाभरात समोर एकाच रंगाचे व्हिडिओ उरतात आणि वाटतं की सगळा महाराष्ट्र हेच म्हणतोय. ‘भाव आहे तिथेच राहील’ असं सांगणाऱ्याला तर कुणी बघतच नाही, मग तो दुसऱ्या दिवशी तसं सांगेलच कशाला? दिरांच्या मोबाईलवर याच्या उलट झालेलं असणार.

यावर तीन उपाय आहेत. पहिला, सेटिंगमध्ये जाऊन ‘पाहिलेल्याची नोंद’ (वॉच हिस्टरी) पुसायची आणि पुढची नोंद थांबवायची. नको त्या व्हिडिओशेजारच्या तीन ठिपक्यांवर दाबून ‘या चॅनलची शिफारस करू नका’ निवडायचं, आणि एकामागून एक व्हिडिओ आपोआप लागणं बंद करायचं. हे आबांना विचारून, त्यांच्यासमोर करा. पाठीमागे केलंत आणि त्यांना कळलं, तर पुढे तुमची एकही गोष्ट ते मानणार नाहीत. दुसरा, आबांचा, दिरांचा आणि तुमचा असे तीन मोबाईल शेजारी ठेवून ‘कापूस भाव’ एवढंच शोधा आणि पहिले पाच मथळे मोठ्याने वाचा. तिसरा आमच्या मते सगळ्यात कामाचा. एका वहीत भाकितं लिहा: कोणी सांगितलं, कोणत्या तारखेला, किती भाव, कधीपर्यंत. ‘कधीपर्यंत’चा रकाना रिकामा राहत असेल तर ते भाकीतच नाही, कारण ते कधी चुकूच शकत नाही. तारीख उलटली की पुढे खरा सर्वसाधारण दर लिहा. दोन महिन्यांत कोणता चॅनल ठेवायचा आणि कोणता सोडायचा ते वही सांगेल. तिथे सून किंवा मुलगा बोलत नसल्यामुळे आबांना ते ऐकायला जड जाणार नाही.

मग थांबायचं की विकायचं? हा अंदाज तीन महिन्यांचा आहे आणि आकडे धरून चाललेले आहेत, तुमचे आकडे घालून पुन्हा करा. 30 क्विंटल, आजचा भाव 7,400, म्हणजे 2 लाख 22 हजारांचा माल. कर्जाचं व्याज महिना 1 टक्का धरलं तर तीन महिन्यांचे 6,660. ओल 12 टक्क्यांवरून 8 वर आली तर 30 क्विंटलचे 28.7 उरतात. म्हणजे तीन महिन्यांनी क्विंटलला जवळपास 7,970 मिळाले तर कुठे आजच्याइतके पैसे हातात येतील. माल वेचून बरेच दिवस झाले असतील तर ओल आधीच उतरलेली असणार आणि घट कमी येईल, म्हणून जिनिंगवर किंवा सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) केंद्रावर एकदा यंत्राने मोजून घ्या. सीसीआय 8 टक्के ओलीला पूर्ण हमीभाव देते, 12 पर्यंत टक्क्यामागे कपात करते आणि त्यापुढे माल घेत नाही. 2025-26 साठी लांब धाग्याचा हमीभाव 8,110 आणि मध्यम धाग्याचा 7,710 ठरला होता. केंद्रावर विकायचं तर ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी लागते. फरदडीचा (मुख्य वेचणीनंतर राखलेल्या पिकाचा) किंवा कवडी (नीट न उमललेल्या, किडक्या बोंडांचा) माल चांगल्यात मिसळू नका, सगळ्याचाच भाव पडतो. घरात साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते आणि माल पिवळा पडतो, हे कोणत्याही भाकितात धरलेलं नसतं.

आता सासूबाईंचा व्हिडिओ. इथे घाई नको आणि थट्टा तर अजिबात नको, कारण ही भीती नातीसाठी आहे.

मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेने काय होतं हे खानदेशाला कुणी बाहेरून सांगायची गरज नाही. 1 जुलै 2018 रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे भिक्षेकरी होते. मारणाऱ्यांपैकी कित्येकांना आपण मुलं वाचवतोय असंच वाटत असणार. त्याच काळात देशभर फिरलेल्या एका व्हिडिओत मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावर खेळणारं मूल उचलून नेताना दिसतात. तो मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षेसाठी केलेला जागृतीचा व्हिडिओ होता. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. तेवढाच शेवट कापला गेला होता.

सासूबाईंच्या मोबाईलवरचा व्हिडिओ त्यांच्या शेजारी बसून असा तपासा. आधी आवाज बंद करून बघा. मराठी निवेदन बहुतेकदा वरून चढवलेलं असतं, ते गेलं की नुसती पळणारी माणसं आणि गर्दी उरते. नक्की काय दिसतंय ते सासूबाईंनाच सांगू द्या. मग गाड्यांचे नंबर बघा. आपल्याकडचा प्रकार असेल तर एमएच 19, 18 किंवा 39 कुठेतरी दिसायला हवं. दुकानांच्या पाट्यांची लिपी बघा, कपडे बघा, उन्हाळ्यात आलेल्या व्हिडिओत स्वेटर घातलेली माणसं आहेत का ते बघा. संदेशावर दुहेरी बाण असेल तर तो निदान पाच हातांतून फिरून आलाय, पाठवणाऱ्या मावशींनी काही पाहिलेलं नाही. चार ग्रुपवर आला म्हणजे चार साक्षीदार मिळाले असंही नाही. त्यानंतर सुरुवातीचा, पाटी दिसते तिथला आणि शेवटचा असे तीन स्क्रीनशॉट घ्या, वर चिकटवलेली अक्षरं कापून टाका आणि गूगल लेन्समध्ये (फोटोवरून शोध घेणाऱ्या सोयीत) टाका. इथे हमखास एक चूक होते. पहिल्या निकालात तीच अफवा पुन्हा दिसते आणि माणूस म्हणतो, बघा, खरंच आहे! सगळ्यात जुनी तारीख असलेला निकाल सापडेपर्यंत खाली जा. सरकारी पत्रकासारखं काही असेल तर पीआयबी फॅक्ट चेकवर बघा. ते केंद्र सरकारचंच खातं आहे, त्यामुळे बनावट परिपत्रक ओळखायला चांगलं, सरकारवरची टीका जोखायला नाही.

सासूबाई म्हणतील, पेपरात तर रोज येतं. येतं, खरंय. ‘अल्पवयीन मुलीला अज्ञाताने फूस लावून पळवून नेले’ हे वाक्य जळगावच्या पानावर सारखं दिसतं. त्यामागचं कारण असं की अल्पवयीन मूल बेपत्ता झाल्याची तक्रार अपहरणाचा गुन्हा म्हणून नोंदवावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये सांगितलं. आता तो गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 137 (2) खाली नोंदवतात. रागावून मामाच्या गावी गेलेली मुलगीसुद्धा पहिल्या दिवशी ‘अपहरण’च असते. ती सापडल्याची बातमी सहसा छापून येत नाही. खरे गुन्हेही त्यात असतात, हे लपवायचं कारण नाही. पण मथळे मोजून धोका मोजता येत नाही. जे चटकन आठवतं ते वारंवार घडतं असं माणसाला वाटतं, हे डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्येच दाखवून दिलं.

म्हणून सासूबाईंशी टोळीवर वाद घालू नका, लेकीच्या रस्त्यावर बोला. एसटी किती वाजता, परतीची शेवटची गाडी कोणती, ती चुकली तर कुठे थांबायचं, स्टँडपासून कॉलेज किती लांब, सोबत कोणत्या मुली असतात. जमलं तर सासूबाईंना एक दिवस तिच्याबरोबर त्याच गाडीने पाठवा. रस्त्यात कुठे अंधार आहे, कुठे टवाळ पोरं बसतात हे त्यांना तुमच्यापेक्षा आधी दिसेल, आणि त्यावर काही करता तरी येईल. 112 (तातडीची मदत) आणि 1098 (मुलांसाठीची मदतवाहिनी) हे दोन नंबर लेकीच्या मोबाईलमध्ये आणि डोक्यातही असू द्या. गावात कुणी अनोळखी दिसला आणि कुजबुज सुरू झाली, तर पोलीस पाटलांना आणि 112 ला फोन करा, ग्रुपवर फोटो टाकू नका. व्हिडिओ खोटा निघालाच तर ग्रुपवर सासूबाईंना खोटं पाडू नका. मूळ व्हिडिओ त्यांच्याच मोबाईलवरून, त्यांच्या नावाने ग्रुपवर जाऊ द्या.

कापसाचा निकाल लावायला एक चिठ्ठी पुरेल. आबांनी लिहायचं: अमुक तारखेपर्यंत अमुक भाव आला नाही तर मी विकीन. दिरांनी लिहायचं: भाव याच्या वर गेला तर माझा अंदाज चुकला. तुम्हीही लिहा, कारण तुम्हाला तो कापूस घरातून लवकर जायला हवाय आणि तुमचंही वाचन त्याच अंगाने होत असणार. तिघांचे आकडे भिंतीवर लावेपर्यंत एक तृतीयांश माल विकून टाका, म्हणजे कर्ज असेल तर तेवढ्यावरचं तरी व्याज थांबेल. पुन्हा लिहाल तेव्हा ओल किती निघाली आणि खेडा खरेदीवाल्याने काय भाव सांगितला, तेवढं नक्की कळवा.